औषध थांबवण्याचा अधिकार



कर्करोगावर व्याख्यान म्हटले की बोलायला डॉक्टर उभे राहणार, हे आपण धरूनच चालतो. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. आपल्याकडे फार्मासिस्ट म्हणजे मेडिकलच्या काउंटरमागचा, चिठ्ठी वाचून गोळ्यांची पट्टी कापून देणारा माणूस. सरकारी दवाखान्यात त्याला पूर्वी मिश्रक म्हणत, आता औषधनिर्माण अधिकारी म्हणतात. खिडकी मात्र तीच राहिली. आज मला त्या खिडकीबाहेर पडलेल्या फार्मासिस्टबद्दल बोलायचे आहे. तो कर्करोगाच्या वॉर्डात डॉक्टरांबरोबर राउंडला जातो, रुग्णाची फाइल उघडून बसतो आणि वेळ आली तर ‘हे आज देऊ नका’ असे सांगतो. त्याला क्लिनिकल फार्मासिस्ट म्हणतात. १९६६ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात नवव्या मजल्यावर फार्मासिस्टला थेट वॉर्डात नेऊन बसवले, तिथून ही चाल जगभर पसरली. माझे म्हणणे एवढेच आहे की या माणसाचा खरा उपयोग त्याच्या थांबवण्याच्या अधिकारात आहे. आपण त्याला पदवी दिली. अधिकार द्यायचे राहून गेले.

आधी तो करतो काय ते पाहू. स्तनाच्या कर्करोगाची एक रुग्ण केमोसाठी डे-केअरमध्ये आली आहे, असे समजा. उंची १५२ सेंटिमीटर, वजन ५५ किलो. केमोची बहुतेक औषधे शरीराच्या पृष्ठफळावर मोजून देतात. उंचीला वजनाने गुणायचे, ३६०० ने भागायचे आणि वर्गमूळ काढायचे. या बाईंचे उत्तर येते सुमारे १.५२ चौरस मीटर. डॉक्सोरुबिसिन चौरस मीटरला ६० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण ९१. सायक्लोफॉस्फमाइड ६०० प्रमाणे, म्हणजे ९१२ च्या आसपास. गणित सातवी-आठवीचे आहे. पण ५५ किलो हे वजन आजचे की पहिल्या केमोच्या दिवशीचे? दोन महिन्यांत बाई सहा किलोने उतरल्या असतील तर? पांढऱ्या पेशी आज किती आहेत? आणि डॉक्सोरुबिसिन, ज्याला रुग्ण ‘लाल केमो’ म्हणतात, ते हृदयाच्या स्नायूला इजा करते. त्याला आयुष्यभराची मर्यादा आहे, चौरस मीटरला साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅम. चार वेळा घेतले की २४० संपले. पाच वर्षांनी आजार उलटला, बाई मुलाकडे दुसऱ्या शहरात गेल्या, जुनी फाइल गावच्या घरात माळ्यावर राहिली. आता हे २४० कोण लक्षात ठेवणार? डॉक्टरांसमोर ओपीडीची रांग असते. ही बेरीज धरून ठेवणे फार्मासिस्टचे काम आहे.

कार्बोप्लॅटिन या औषधापाशी मी थोडा जास्त रेंगाळणार आहे, कारण आपल्या रुग्णांच्या बाबतीत फसगत इथेच होते. हे औषध पृष्ठफळावर मोजत नाहीत, मूत्रपिंडाच्या कामावर मोजतात. १९८९ साली कॅल्व्हर्ट यांनी दिलेले सूत्र आजही चालते. मूत्रपिंड मिनिटाला किती मिलिलिटर रक्त गाळून काढते त्यात २५ मिळवायचे आणि आपल्याला हव्या त्या परिणामाच्या आकड्याने, समजा पाचने, गुणायचे. हे गाळणे रोज प्रत्यक्ष मोजता येत नाही. म्हणून रक्तातले क्रिएटिनिन, वय आणि वजन यांवरून अंदाज बांधतात. आता बासष्ट वर्षांचा, पन्नास किलोचा, फुप्फुसाच्या कर्करोगाने खंगलेला एक शेतकरी घ्या. क्रिएटिनिन ०.४. कागदावर गाळणे येते १३५ आणि डोस येतो ८०० मिलिग्रॅम. मूत्रपिंड तरुण माणसाला लाजवील असे! पण क्रिएटिनिन तयार होते स्नायूंतून. या माणसाच्या अंगावर मांसच उरलेले नाही म्हणून आकडा खाली आला आहे. मूत्रपिंड दणकट आहे म्हणून नव्हे. अशा रुग्णात क्रिएटिनिन ०.७ च्या खाली धरायचे नाही असा काही केंद्रांचा नियम आहे. तो लावला की गाळणे ७७ वर येते आणि डोस ५१० वर. एकच रुग्ण, एकच रक्ततपासणी, आणि दोन उत्तरांत जवळजवळ तीनशे मिलिग्रॅमचे अंतर. पहिल्या उत्तराने प्लेटलेट्स इतक्या कोसळू शकतात की माणूस कर्करोगाऐवजी रक्तस्रावाने जाईल. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० पासून सांगितले आहे की हिशेबात गाळणे १२५ च्या वर धरू नका. तरीही तो नियम लावला तर डोस ७५० येतो. तिकडचा नियम आपल्या कुपोषित रुग्णाला पुरा पडत नाही. त्यासाठी रुग्णाच्या दंडाकडे बघणारे माणूस लागते. संगणकाला दंड दिसत नाही.

बॉस्टनचे उदाहरण इथे सांगितलेच पाहिजे. बेट्सी लेहमन ही ‘बॉस्टन ग्लोब’ची आरोग्यविषयक स्तंभलेखिका. वय ३९. स्तनाच्या कर्करोगासाठी डाना-फार्बर या नामांकित संस्थेत दाखल. तिचा नवरा त्याच संस्थेत शास्त्रज्ञ. सायक्लोफॉस्फमाइडचा चार दिवसांचा मिळून जो डोस ठरला होता तो कागदावर रोजचा म्हणून उतरला. रोज सुमारे १,६३० मिलिग्रॅम जायला हवे होते. चार दिवस रोज ६,५२० गेले. ३ डिसेंबर १९९४ रोजी ती वारली. चूक लक्षात आली दोन महिन्यांनी, आणि तीही नोंदी तपासणाऱ्या एका कारकुनाच्या. आणखी एका रुग्णालाही असाच डोस गेला होता. आदेश लिहिणारे, औषध तयार करणारे, सलाईन लावणारे, सगळे शिकलेले लोक होते, आणि संस्था जगातल्या पहिल्या दर्जाची. अशा ठिकाणी आकडा डोळ्यांखालून गेला तरी मनापर्यंत पोचत नाही. इतक्या मोठ्या माणसांनी लिहिले आहे, कुठला तरी नवा प्रयोग असेल, असे प्रत्येकाला वाटते. त्यानंतर तिथे डोसच्या कमाल मर्यादा संगणकात बसवल्या गेल्या. १९९९ साली अमेरिकेत वैद्यकीय चुकांवर जो गाजलेला अहवाल आला त्याच्या सुरुवातीलाच लेहमनचे नाव आहे. २००४ साली सुरू झालेले मॅसॅच्युसेट्स राज्याचे रुग्णसुरक्षा केंद्र तिच्या नावाने चालते.

दुसरी घटना इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची. औषध व्हिन्क्रिस्टिन. हे औषध निघते आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून. (मधुमेहासाठी सदाफुलीची पाने चघळणारे श्रोते इथे असतील तर व्याख्यानानंतर मला जरूर भेटा.) व्हिन्क्रिस्टिन शिरेतून दिले तर रक्ताच्या कर्करोगात मुले वाचवते. तेच पाठीच्या कण्यातून मज्जारज्जूच्या द्रवात गेले तर जवळजवळ हमखास जीव घेते. ४ जानेवारी २००१ रोजी वेन जोवेट या अठरा वर्षांच्या मुलाला, ज्याचा आजार आटोक्यात आला होता, ते कण्यातून दिले गेले. कण्यातून द्यायचे औषध आणि शिरेतून द्यायचे औषध, दोन्ही सिरिंज एकत्र वॉर्डात पोचल्या होत्या. महिनाभराने तो मुलगा गेला. अशा घटना त्याआधी अनेक देशांत झाल्या होत्या आणि प्रत्येक वेळी ‘यापुढे काळजी घ्या’ असे परिपत्रक निघाले होते. परिपत्रकाने कोणी वाचले नाही. उपाय निघाला तो औषध कशात भरून पाठवायचे याचा. व्हिन्क्रिस्टिन सिरिंजमध्ये भरायचेच नाही, पन्नास मिलिलिटरच्या छोट्या सलाईनच्या पिशवीत घालून पाठवायचे. एवढी पिशवी कण्यात टोचायला कोणाचाही हात धजणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये हीच शिफारस केली. कोणाला प्रशिक्षण द्यायला नको, कोणावर ओरडायला नको. यासाठी लागतो तो फक्त फार्मसीचा सिरिंज भरून देण्याला नकार. आपल्याकडे अनेक ठिकाणी अजून व्हिन्क्रिस्टिन सिरिंजनेच दिले जाते.

तिसरी गोष्ट कॅनडातली, आणि मला ती सर्वांत बोलकी वाटते. इथे औषध जास्त गेले नाही, कमी गेले. २०१३ च्या मार्चमध्ये ऑन्टॅरिओतल्या पीटरबरो या गावी रुग्णालयाच्या फार्मसीतल्या एका साहाय्यकाला नव्या पुरवठादाराच्या पिशवीवरचे लेबल जुन्यापेक्षा वेगळे वाटले. सलाईनच्या पिशवीत कंपनी सांगते त्यापेक्षा थोडे जास्तच पाणी असते. पुरवठादाराने ते काढून न टाकता त्यातच औषध मिसळले होते. रुग्णालये मात्र शंभर मिलिलिटरात चार ग्रॅम असे धरून एका पिशवीतून अनेकांचे डोस काढत होती. त्यामुळे प्रत्येकाला ठरल्यापेक्षा पातळ औषध मिळत होते. ऑन्टॅरिओ आणि न्यू ब्रन्सविक मिळून १,२०२ रुग्ण, वर्षभर. जास्त डोस गेला तर रुग्ण ओरडतो, त्याच्या तोंडात फोड येतात, ताप चढतो. कमी डोसला लक्षणच नसते. रुग्ण उलट खूश असतो, या वेळी केमो चांगली सोसली म्हणून. लेबलकडे नीट पाहणाऱ्या डोळ्यांखेरीज ती चूक दुसरे कोणी पकडू शकत नव्हते.

आता रुग्णालयातून घरी येऊ. कर्करोगाची पुष्कळ औषधे आज गोळ्यांच्या रूपात आली आहेत, आणि लोकांना गोळी म्हणजे हलके औषध वाटते. कोणत्याही डे-केअरमध्ये असा संवाद ऐकू येईल.

“मावशी, सकाळी उठल्यावर पहिली गोळी कुठली घेता?”

“ती पित्ताची. ती काय औषधात धरायची?”

ती धरायची. पित्ताच्या गोळीने पोटातले आम्ल कमी होते आणि एर्लोटिनिबसारखे कर्करोगाचे औषध आम्लाशिवाय नीट विरघळत नाही. ओमेप्राझोलबरोबर घेतले तर त्याचे रक्तातले प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येते. महाराष्ट्रात ॲसिडिटीची गोळी चहाइतक्या नेमाने घेणारी घरे मोजायला बसलो तर रात्र होईल. फाइलमध्ये ती नसते, कारण ती डॉक्टरांनी दिलेली नसते. मेडिकलमधून आणलेली असते. काही गोळ्या रिकाम्या पोटी, काही जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत. मेथोट्रेक्झेट या कर्करोगावरच्याच औषधाची छोटी गोळी संधिवाताला आठवड्यातून एकदा असते. चिठ्ठीवरच्या घाईच्या अक्षरामुळे ती रोज घेतली गेली आणि तोंड सोलवटून, पेशी संपून रुग्ण दगावले, असे जगभर घडले आहे. तिथे ‘दर सोमवारी’ असा वार लिहिला की अर्धे काम होते.

आणि मग काढे. गव्हांकुराचा रस, पपईच्या पानांचा रस, गुळवेल, हळदीच्या कॅप्सूल. रुग्णाला यावरून रागावणे हा माझ्या मते डॉक्टरांचा सर्वांत महाग पडणारा छंद आहे. रागावले की पुढच्या वेळी तो सांगत नाही. गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. हळदीतल्या कर्क्युमिनमुळे स्तनाच्या कर्करोगावरच्या टॅमॉक्सिफेनच्या प्रभावी घटकाचे रक्तातले प्रमाण घटते, असे नेदरलँड्समधल्या अभ्यासात दिसले. भाजीतल्या हळदीबद्दल मी बोलत नाही. फोडणीला कोणी घाबरू नये.

रक्ताच्या कर्करोगाच्या लहान मुलांचे एक गणित सांगतो. मर्कॅप्टोप्युरिनची गोळी ५० मिलिग्रॅमची येते. मुलाला रोज ४० हवे. गोळीचे पाच समान तुकडे जगातली कोणतीही आई करू शकणार नाही. मग फार्मासिस्ट आठवड्याचा हिशेब करतो. सात दिवसांचे २८० होतात; चार दिवस अख्खी गोळी आणि तीन दिवस अर्धी दिली की २७५. घरातल्या कालनिर्णयवर वारांसमोर अख्खा आणि अर्धा गोल काढून दिला की निरक्षर आजीसुद्धा चुकत नाही. हा गोल कोणत्याही प्रोटोकॉलमध्ये नसतो.

खर्चाचे बोलल्याशिवाय आपल्याकडे कर्करोगाचे बोलणे पुरे होत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोके आणि मानेच्या वाढलेल्या कर्करोगावर केलेला एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. निव्होलुमॅब हे महागडे औषध सहसा दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम देतात. त्यांनी तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिले, नेहमीच्या स्वस्त गोळ्यांच्या जोडीला. १५१ रुग्णांचा अभ्यास. वर्षाअखेर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण नुसत्या गोळ्यांवर १६ टक्क्यांच्या आसपास होते, ते ४३ टक्क्यांवर गेले. तंबाखूच्या या देशात हा फार मोठा निष्कर्ष आहे. पण सर्वांत छोटी कुपी ४० मिलिग्रॅमची. तिच्यात जंतुरोधक नाही, त्यामुळे उघडून ठेवता येत नाही. म्हणजे स्वस्त उपचार खरोखर स्वस्त व्हायचा तर दोन रुग्ण एकाच दिवशी बोलवायला हवेत, कुपी निर्जंतुक कक्षात उघडायला हवी आणि दोघांचा डोस काटेकोर काढायला हवा. डॉक्टरांच्या संशोधनाचे अर्धे पैसे फार्मसीच्या वेळापत्रकात वाचतात. तसेच स्तनाच्या कर्करोगावरच्या ट्रॅस्टुझुमॅबचे. ५५ किलोच्या बाईला नेहमीचा डोस ३३० मिलिग्रॅम आणि मोठी कुपी ४४० ची. उरलेल्या ११० चे काय होते हे आपल्या आईच्या उपचारात विचारून पाहा. सोबतचे जंतुरोधक पाणी वापरून कुपी नीट विरघळवली असेल तर उरलेले औषध फ्रिजमध्ये अठ्ठावीस दिवस टिकते; साधे निर्जंतुक पाणी वापरले असेल तर फेकावे लागते. हजारो रुपयांचा फरक पाण्याच्या बाटलीत आहे.

हीच औषधे हाताळणाऱ्याला बाधतात, हेही सांगून टाकतो. १९७९ साली फिनलंडच्या संशोधकांनी केमो तयार करणाऱ्या परिचारिकांच्या लघवीत पेशींत बदल घडवणारे घटक दाखवले. तेव्हापासून ही औषधे बंदिस्त कॅबिनेटमध्ये मिसळायची असा दंडक आला. आपल्या लहान नर्सिंग होममध्ये एखादी सिस्टर, कधी गरोदरसुद्धा, पंख्याखाली टेबलावर कुपी फोडताना दिसते. याविषयी जास्त बोलत नाही. उपाय सगळ्यांना ठाऊक आहे आणि तो पैशाचा आहे.

माझ्या व्यवसायाची लाज वाटावी अशी गोष्टही याच व्यासपीठावरून सांगायला हवी. मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी एक टोळी पकडली. कर्करोगाच्या महागड्या इंजेक्शनांच्या रिकाम्या कुप्या गोळा करून त्यांत बुरशीवरचे स्वस्त औषध भरून विकल्याचा आरोप आहे. अटक झालेल्यांत रुग्णालयांच्या फार्मसीत काम करणारेही होते. जिथे कुपी रिकामी होते तिथेच तिचे लेबल फाडून, झाकण तोडून, नोंद करून ती नष्ट व्हायला हवी. हा पहारा करायचा कोणी? फार्मासिस्टनेच. चोरही तोच निघाला तर पहारेकऱ्यावर पहारा ठेवावा लागतो, म्हणून कोणतीही सही एकट्याची नसावी. डॉक्टरांच्या आकड्यावर फार्मासिस्टची सही मागताना मी फार्मासिस्टच्या कुपीवरही दुसऱ्याची सही मागतो.

आता आपल्या व्यवस्थेकडे. औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावे, हे १९४८ च्या फार्मसी कायद्यात आहे. २००८ मध्ये फार्म. डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला, शेवटचे वर्ष रुग्णालयात. मुलेमुली हुशार असतात. मग त्यांतली किती तरी परदेशी जातात, किंवा औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी संगणकात भरणाऱ्या कंपन्यांत बसतात, कारण रुग्णालयात त्यांच्या नावाची खुर्ची फार थोड्या ठिकाणी आहे. नावापुढे डॉक्टर लावावे की नाही यावर मात्र हिरिरीने भांडण चालते. त्या भांडणात माझा वेळ गेलेला नाही आणि तुमचाही घालवत नाही.

डॉक्टरांना हा हस्तक्षेप वाटतो, ही तक्रार मी ऐकत आलो आहे, आणि ती सर्वस्वी खोटी नाही. नव्याने आलेला फार्मासिस्ट नऊशे बाराचे नऊशे दहा करा म्हणून ऐन ओपीडीत फोन करतो. पाच टक्क्यांचा फरक सोडून द्यायचा आणि पन्नास टक्क्यांचा फरक सोडायचा नाही, हे तारतम्य वॉर्डात उभे राहिल्यानेच येते. ब्रिटनमध्ये केमोचा प्रत्येक आदेश कर्करोगाचे प्रशिक्षण घेतलेल्या फार्मासिस्टने तपासावा असा दंडक आहे, आणि २००६ पासून पात्र फार्मासिस्टना स्वतः औषध लिहिण्याचीही मुभा आहे. आपण इतके मागत नाही. त्याची सही झाल्याशिवाय केमोची पिशवी भरली जाऊ नये, आणि सही न केल्याबद्दल त्याची बदली होऊ नये, एवढेच मागतो. दुसरा भाग पहिल्यापेक्षा अवघड आहे.

२०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे काढण्याची घोषणा झाली. चांगली गोष्ट आहे. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या रुग्णाला मुंबईच्या फुटपाथवर झोपावे लागणार नाही. पण मोठ्या केंद्रात चूक पकडणारे चार डोळे असतात, जिल्ह्याच्या ठिकाणी एक डॉक्टर आणि दोन सिस्टर असतील. औषधनिर्माण अधिकारी एकटाच. तोच साठा मोजतो, तोच सर्पदंशावरचे प्रतिविष शोधतो, तोच ऑनलाइन नोंद करतो. त्याला केमोच्या खोलीत आणायचे तर वेगळे पद हवे, आणि पद मंजूर करायला फाइलला आकडे लागतात. म्हणून मी जिथे जातो तिथे तरुण फार्मासिस्टना एक वही घालायला सांगतो. तारीख, औषध, कागदावर काय होते, आपण काय सुचवले, डॉक्टरांनी मानले की नाही. रुग्णाचे नाव लिहायचे नाही, डॉक्टरांचेही नाही. वजन जुने होते, पित्ताची गोळी चालू होती, लाल केमोची बेरीज मर्यादेपाशी आली होती, असे सगळे. न मानलेल्या सूचनाही लिहायच्या, आणि आपण सुचवले तेच चुकीचे निघाले असेल तर तेही. सहा महिन्यांनी ती वही घेऊन जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जायचे. मागणीपत्र वेगळे लिहायची गरज नाही. त्या वहीच्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या तरी चालतील.